एका रेच्यावर चार बोटं

शालिग्रामच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत, तीही मातीची. त्याच्याकडे भाजीला फोडणी पडली की ठसका आमच्याकडे लागायचा. इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाबद्दल तुम्हीच लिहा निवृत्ती मास्तर, असं गावातले लोक म्हणतात. त्यांना हे ठाऊक नाही की त्रेसष्ट सालापासून मी या माणसावर जळत आलो आहे. पण मी शिंपी आहे. गिऱ्हाइकाचं कापड थोडं मागे ठेवतो, माप मात्र खोटं घेत नाही.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात तो दुसरबीडहून आला. गावाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागला होता. बैलगाडीत बायको गीताबाई, चार पातेली, एक घडवंची आणि एक लोखंडी ट्रंक. शेजारी म्हणून मी ट्रंकेला हात घातला. आत भांडी असतील असं वाटलं होतं, निघाली पुस्तकं. माझ्या कमरेत तेव्हा जी कळ भरली ती अजून थंडीत उठते. म्हणजे सुरुवात त्यानं केली, मी नाही.

माणूस दिसायला काही नव्हता. छाती बत्तीस, खांदे उतरते, एक बाही दुसरीपेक्षा अर्धा इंच लांब लावावी लागे. आवाज असा की शेजारी बसलेल्यालाही मान पुढे करावी लागायची. मी चौकात एखादी गंमत सांगितली तर ती बसस्टँडपर्यंत ऐकू जाते. आणि तरी दिवेलागणीला त्याच्या ओट्यावर दहा-पंधरा माणसं जमायची आणि माझ्या दुकानात फक्त तेच बसायचे ज्यांचे कपडे अजून तयार नसत.

तरुणपणी तो खामगावकडे कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कुठल्याशा प्रेसमध्ये होता. तिथे लाल बावट्याच्या एका पुढाऱ्यानं त्याला वाचायला बसवलं. तेव्हापासून जगात जे काही होई त्याचं कारण शालिग्रामला माहीत असे. कांदा महागला, त्याला कारण माहीत. रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी आली, कारण माहीत. आणि बहुतेक कारणं शेवटी शेठपाशी, म्हणजे जिनिंगच्या मालकापाशी, पोचत. एकदा सगळ्यांसमोर मी त्याला विचारलं, "शालिग्राम, माह्या डोक्यावरचे केस काऊन गेले रे?"

त्यानं खरंच थोडा वेळ विचार केला. मग म्हणाला, "मास्तर, ते काई शेठनं नाही नेले."

ओटा हसून हसून खाली आला. आयुष्यात कधी गंमत न केलेल्या माणसाच्या एका वाक्यावर. आणि बायांच्या घोळक्यात माझी बायको पुष्पाबाई बसली होती, तीही हसली. आमच्या लग्नाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली होती ते मी रात्रभर आठवत राहिलो आणि मला आठवलं नाही.

पुष्पाबाई आणि गीताबाई, दोघीही जिनिंगमध्ये कामाला जायच्या. आमचं गाव बुलढाण्याहून धाडकडे जाताना लागतं. एसटी थांबते, कंडक्टर चहा पितो, गाडी पुढे जाते. गावात मोठं असं एकच, गावाच्या टोकाचं ते जिनिंग. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राला आम्ही रेचा म्हणतो. असे चोवीस रेचे तिथे दोन ओळींत उभे होते. एका रेच्यावर बायांची एक जोडी. एकीनं रेच्याला कापूस चारायचा, दुसरीनं ढिगावरून कापूस आणायचा आणि खाली पडलेली सरकी ओढायची, दुपारनंतर अदलाबदल. चोवीस रेचे, अठ्ठेचाळीस बाया. दसऱ्यापासून होळीपर्यंत हंगाम.

या बायांना कामावर घ्यायची आमच्या जिनिंगची रीत वेगळी होती. यादी नाही, अंगठा नाही. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, त्या सकाळी बाया नटूनथटून येत आणि आपापल्या रेच्याच्या लोखंडी कपाळावर कुंकवाचं बोट लावत. जोडीतल्या दोघींची दोन बोटं. विधवा असेल ती बुक्क्याचं बोट लावी. मग शेठ येऊन नारळ फोडी. नारळ फुटला की ज्यांची बोटं, त्यांचा तो रेचा, होळीपर्यंत. नारळानंतर ते बोट पुसायचं नाही, खुद्द शेठनंही नाही. त्याच्या बापानं एकदा पुसलं होतं आणि त्या साली प्रेसला आग लागली, असं सगळे सांगत. शेठ स्वतः सगळ्यांत आधी सांगे. सासूची जागा सुनेला जायची. बायांनी रेच्यांना गाईम्हशींसारखी नावंही ठेवली होती. माझ्या बायकोचा रेचा अकरा नंबरचा, त्याचं नाव 'मैना'. तिच्या जोडीला सोजराबाई, वय झालेली, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, हात मंद. तिच्या वाटचा अर्धा कापूस माझी बायकोच चारायची. घरी मात्र माझ्या वाटचं पाणी ती तापवत नसे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता शालिग्रामच्या ओट्यावर काय चाले ते सांगतो. तो मार्क्सवाद शिकवायचा. हा शब्द तो वापरत नसे, तो म्हणे "हिशोब समजून घेऊ." एकदा त्यानं मला सांगितलं की मास्तर, तुमच्याकडे उत्पादनाचं साधन आहे. म्हणजे माझं शिलाई मशीन. मी तीन दिवस छाती काढून फिरलो. चौथ्या दिवशी ओट्यावर कान दिला तर तो सांगत होता की साधन असलेला लहान माणूस मंदी आली की टिकत नाही, घरंगळत खाली येतो आणि मजुरांच्या रांगेत उभा राहतो. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्या पायजम्याची नाडी सुटली असती तरी एवढ्या जणांनी पाहिलं नसतं.

दुसऱ्या एका संध्याकाळी तो कामाबाहेर बसलेल्या माणसांबद्दल बोलत होता. ही माणसं म्हणजे मालकाची राखीव फौज, असं त्याचं म्हणणं. फाटकाबाहेर ती बसलेली असली की आतल्याला भाव वाढवून मागता येत नाही. मी म्हणालो, मग माझा साळा इंद्रभान जन्मापासून फौजेत आहे, लोणारच्या पारावर बसून पहारा करतो. लोक हसले, मान्य करतो. पण पुष्पाबाईच्या माहेरचा उल्लेख होता. त्या दिवशी मला जेवायला मिलोची भाकर आणि कालचं वरण मिळालं, आणि भिंतीपलीकडून शालिग्रामकडच्या भरल्या वांग्यांचा वास.

मग सहासष्ट साल आलं. पाऊस दोन वर्षं धड नव्हता, रुपया स्वस्त झाला होता, मुंबईकडच्या काही गिरण्यांना कुलूप लागल्याचं रेडिओ सांगत होता. गावातली मंदी मात्र आधी मी पाहिली. हे मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण याचं श्रेयसुद्धा पुढे शालिग्रामनंच नेलं. पोळ्याला माझ्याकडे एक नवा सदरा आला नाही. लोक जुने सदरे आणत आणि म्हणत, मास्तर, कॉलर उलटवून द्या. कॉलरची वरची बाजू झिजली की ती उसवून उलटी लावायची, सदरा आणखी दोन वर्षं चालतो. त्या महिन्यात मी चाळीस कॉलरी उलटवल्या. एकदा उलटवलेल्या कॉलरी घेऊनही लोक आले. त्यांना मी सांगितलं, बाप्पा, कॉलरीला तिसरी बाजू नसते. ही गोष्ट मी सहज म्हणून शालिग्रामला सांगितली आणि त्याच संध्याकाळी त्यानं ती ओट्यावर वापरली. माझं नाव घेतलं, नाही असं नाही. पण लोकांनी माना त्याच्याकडे पाहून डोलावल्या.

भादव्यात जिनिंगचे दिवाणजी शेषराव यांनी सांगून टाकलं की रुईला, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाला, उठाव नाही, यंदा चोवीसपैकी बाराच रेचे चालतील. कोणते बारा, ते खंडेनवमीला सकाळी कळेल. आणि वर हसत हसत म्हणाले की ज्या बाया कापसाच्या तोलामागे थोडा कमी भाव घेतील त्यांचं आधी पाहू.

शालिग्रामला बारा रेच्यांपुरतंच चामडं मिळालं. रेच्याच्या रुळावर चामडं बसवायचं, घासायचं, त्याला खाचा पाडायच्या, हे फिटरचं काम. म्हणजे कोणते बारा चालणार हे सगळ्या गावात फक्त दोघांना माहीत होतं, दिवाणजींना आणि शालिग्रामला. आता सांगा, अशा माणसाच्या शेजारी राहून झोप लागते का?

त्या संध्याकाळी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. अठ्ठेचाळीसपैकी चाळीसेक बाया असतील. मी माझ्या दारात उभं राहून ऐकलं, आत बसलो नाही. शालिग्रामनं बोलायच्या आधी एक प्रश्न विचारला. इथल्या कोणाकोणाच्या घरी कापसाची गादी आहे?

एकही हात वर झाला नाही. आयुष्यभर कापूस हाताळणाऱ्या त्या बाया. शेवटी सोजराबाई म्हणाली, "माह्या घरी उशी हाय. पन तिच्यात सरकी हाय."

बाया हसल्या, पण लवकर थांबल्या. शालिग्राम म्हणाला, "दिवाणजी म्हनते, रुई जास्त झाली. जास्त कशी झाली? तुमच्या घरी तं नाही आली. माल जास्त नाही झाला, घेणाराचा हात रिकामा झाला. आन घेणारा कोन हाय? आपनच."

मग त्यानं आपला बेत सांगितला. खंडेनवमीला बारा रेच्यांवर दोन-दोन नाही, चार-चार बोटं लावायची. एका रेच्यावर दोन जोड्या. एक दिवस एका जोडीनं काम करायचं, दुसऱ्या दिवशी दुसरीनं. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस कामावर राहतील, अर्ध्या कामावर. आधी पोचेल तिचा रेचा अशी धावाधाव झाली तर चोवीस राहतील, त्याही कमी भावानं, आणि पहिली बाहेर पडेल ती सोजराबाई, कारण तिला धावता येत नाही. मात्र एकही बाई आधी जाऊन एकटीचं बोट लावून बसली, तर सगळं गेलं. एकीला पाहून दुसरी पळेल.

बाया बोटांवर मजुरी मोजू लागल्या. अर्धं काम म्हणजे अर्धी भाकर, हे काय त्यांना कळत नव्हतं? पुष्पाबाई घरी आली तेव्हा मी विचारलं, काय ठरलं? ती म्हणाली, ठरलं. एवढंच. मला तिच्या आवाजात जे ऐकू आलं ते मला आवडलं नाही. एकवीस वर्षांत माझ्या कुठल्याच बेतावर तिनं असं एका शब्दात हो म्हटलं नव्हतं.

मग जे करायला नको होतं ते मी केलं.

सर्वपित्री अमावास्येच्या दोन दिवस आधी दिवाणजींचा कोट द्यायला मी जिनिंगमध्ये गेलो होतो. रेच्यांच्या ओळीत शालिग्राम एकटाच. सात नंबरच्या रेच्यापुढे उकिडवा बसलेला, रूळ उतरवलेला आणि त्यावर इतक्या मायेनं हात फिरवत होता की मी माझ्या मशीनवरून असा कधी फिरवला नाही. मी अर्धा तास कोटाच्या गुंड्या तपासत बसलो. तो सातवरून हलला नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा सात नंबर गीताबाईसाठी. बाकीच्यांना चार-चार बोटं, आणि हिच्यासाठी नव्या चामड्याचा गुळगुळीत रेचा.

मी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना सांगितलं. आणि चहाच्या टपरीवर. आणि धाडच्या बाजारात दोघातिघांना, तेही नेमके आमच्याच गावचे निघाले. त्यानंतरच्या बैठकीला ओट्यावर नऊ बाया होत्या. मी मोजल्या. आणि खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शालिग्राम दुकानात आला. हातात सदरा, कॉलर झिजलेली. म्हणाला, उलटवून द्या मास्तर. मी मान खाली घालून उसवू लागलो. तो बाकावर बसला आणि त्याच्या त्या न ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाला, "सात नंबरचा रूळ तडकला होता. जोड देऊन राह्यलो होतो, म्हनून वेळ लागला. मले इचारलं असतं तं सांगितलं असतं."

मी म्हणालो, लोक काय, काहीही बोलतात.

"हाव," तो म्हणाला. "एक गोष्ट हाय मास्तर. शेठ आपल्यावर जळत नाही. आपनच आपसात जळतो. त्याले फुकटचे राखणदार भेटते."

तो रागावला असता तर मी भांडलो असतो. भांडणात मी कमी नाही. पण माझ्या जळण्याचंही कारण त्याला माहीत होतं, आणि ते त्यानं कांदा महागल्याचं कारण सांगावं तसं सांगितलं. मला ते फार लागलं. कॉलर मी उलटी लावली, ती जरा वाकडी लागली. ती तशीच दिली.

आणि त्याच रागात घरी येऊन बायकोला सांगितलं. खंडेनवमीला पहाटेच जा. सात नंबर नक्की चालणार आहे, त्याचा रूळ नव्यानं बांधला आहे. जाऊन तुझं बोट लाव. सोजराबाईचं पाहू नको, शालिग्रामचं तर मुळीच पाहू नको. सगळ्या जणी हेच करणार आहेत, तू मागे राहशील. ती चुलीपुढे बसली होती. तिनं मला दोनदा विचारलं की सात नंबरच ना. मी म्हटलं, सात.

खंडेनवमीच्या पहाटे मी जागाच होतो. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, कुंकवाचा करंडा घेतला आणि अजून तांबडं फुटलं नसताना बाहेर पडली. भिंतीपलीकडे सगळं शांत होतं. मी गोधडीत पडून हसलो. एकदाचं तिनं माझं ऐकलं होतं. शालिग्रामची ट्रंकभर पुस्तकं एका बाजूला आणि माझा एक शब्द एका बाजूला, आणि पारडं माझ्याकडे झुकलं होतं.

सूर्य वर आल्यावर मी धुतलेला सदरा घालून पूजेला निघालो. वाटेतच कळलं की फाटकाशी काहीतरी चाललं आहे. जाऊन पाहतो तर फाटकाच्या मधोमध पुष्पाबाई मांडी घालून बसलेली. तिच्या पुढ्यात पदरावर करंड्यांचा ढीग, पितळी, लाकडी, एक तर रंग उडालेली पावडरची डबी, आणि कागदाच्या तीन-चार पुड्या बुक्क्याच्या. शेजारी गीताबाई उभी. आणि रस्त्याच्या कडेनं बाया रांगेत बसलेल्या, काही मान खाली घालून.

झालं होतं ते असं. ती अंधारातच येऊन फाटकात बसली. थोड्या वेळानं एक बाई आली, डोक्यावरून पदर ओढून, करंडा लुगड्यात लपवलेला. पुष्पाबाईला पाहून ती दचकली. पुष्पाबाई तिला काही बोलली नाही. फक्त हात पुढे केला, तिचा करंडा घेतला आणि म्हणाली, "ये, बस." मग दुसरी आली. मग तिसरी. उजाडेपर्यंत अशा अकरा जणी आल्या, एकेकट्या. प्रत्येकीला घरातून कोणीतरी पाठवलं होतं. गीताबाई मागून आली, आणि मग बाकीच्या. सगळ्या अठ्ठेचाळीस जमल्यावर दिवाणजींनी बारा रेच्यांवर खडूनं खूण केली होती आणि आता पुष्पाबाई चार-चार जणींना आत सोडत होती. जिचा तिचा करंडा जिच्या तिच्या हातात देऊन.

मी गर्दीतून पुढे झालो आणि हळूच म्हणालो, "अवं, हे काय करून राह्यली तू? मी तुले काय सांगितलं होतं?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून तं आली. म्या म्हनलं, असे नवरे घरोघरी असतीन."

गीताबाईनं तोंडाला पदर लावला. मी फाटकाजवळच्या कडुनिंबाकडे पाहत राहिलो. कडुनिंबावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

आत गेलो तेव्हा बाराही रेच्यांच्या कपाळावर चार-चार बोटं होती. सात नंबरवर तीन लाल आणि एक काळं. काळं सोजराबाईचं, ते थोडं खाली उतरलेलं, तिचा हात वर पोचला नसावा. त्याच्या शेजारचं माझ्या बायकोचं, तिची मैना बंद बारांत गेली होती. तिसरं गीताबाईचं, चौथं तिच्या जोडीदारणीचं. शेषराव दिवाणजींनी ते पाहून चष्मा पुसला आणि शेठच्या कानाशी लागले. शेठ बराच वेळ बोटं पाहत उभा होता. माणूस देवभोळा. त्यानं नारळ फोडला. कापसाच्या तोलावर मजुरी, मग चारणारे हात दोन की चार, याच्याशी त्याला तसं घेणं नव्हतं. त्याचा बेत दुसराच होता, आणि तो मात्र फसला. कमी भावानं करते म्हणून सांगायला एकही बाई दिवाणजींच्या दारात गेली नाही. भाव तोच राहिला.

हंगाम कसा गेला म्हणाल तर ओढाताणीत गेला. दिवसाआड काम, दिवसाआड बाया घरात. ज्या दिवशी पुष्पाबाई कामावर असे त्या दिवशी गीताबाई घरी असे, आणि संध्याकाळी दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी माझ्याबद्दल बोलत. सोजराबाई होळीपर्यंत रेच्यावर टिकली. शालिग्रामचं नाव धाडपर्यंत गेलं. लोक मला विचारत, तुमचे शेजारी का हो ते? मी म्हणे, हो, वाकड्या कॉलरीचा सदरा घालतात तेच.

पण या हुशार माणसानं एक चूक केली होती. त्यानं अठ्ठेचाळीस बायांचा हिशोब केला, त्यात फिटर धरलाच नाही. संक्रांतीला दिवाणजींनी त्याला बोलावून सांगितलं की बारा रेच्यांना रोजचा फिटर लागत नाही, बुलढाण्याहून एक जण आठवड्यातून दोनदा येऊन जाईल. फिटरला जोडी नव्हती आणि फिटरच्या नावाचं बोट कुठल्याच रेच्यावर नव्हतं. बाया दिवाणजींकडे गेल्या, दोन दिवस काम बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी शालिग्रामनंच त्यांना परत पाठवलं. म्हणाला, माझ्या एकट्यासाठी तुमची बोटं पुसली जातील.

ही बातमी ऐकल्यावर मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी तशी तयारीही केली होती. दुकानातल्या बाकावर बसून दोन-तीन टोमणे मनात जुळवून ठेवले होते. मग तो रस्त्यानं घरी येताना दिसला. हातात पान्ह्यांची पिशवी, सदऱ्याची कॉलर एका बाजूला ओढलेली. ती मी वाकडी लावली होती. त्यानं तीन महिने ती तशीच घातली होती आणि कधी काही म्हणाला नव्हता. मी टोमणा मारला नाही. पान खायला म्हणून आत गेलो.

तो कामासाठी खामगावला जाऊन आला, मेहकरला जाऊन आला. कुठेच रेचे वाढत नव्हते. गीताबाईच्या दिवसाआडच्या मजुरीवर घर चाललं होतं. फोडणीचा ठसका आमच्याकडे यायचा बंद झाला.

फाल्गुनात एका सकाळी पुष्पाबाईनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि सांगितलं, विचारलं नाही, सांगितलं. तुमच्या मशीनवर तसंही अर्धा दिवस कॉलरी आणि अर्धा दिवस माश्या. एक दिवस तुम्ही बसा, एक दिवस शालिग्रामभाऊ बसतील. त्यांना सरळ शिलाई येते, काजं करायला शिकतील.

मी म्हणालो की मशीन माझ्या बापाचं आहे. ती म्हणाली, मैनाही माझ्या सासूची होती.

मी चहा संपवला आणि दुकानाची दुसरी किल्ली काढून ठेवली.

पहिल्या दिवशी तो आला तेव्हा मशीनपुढे बसण्याआधी त्यानं ते उघडलं. सगळं. माझ्या डोळ्यांदेखत बापाच्या मशीनचे तुकडे करून वर्तमानपत्रावर मांडले, घासले, तेल दिलं आणि परत जोडलं. वीस वर्षं ते मशीन चालवताना मी गिऱ्हाइकाशी ओरडून बोलत होतो. आता ते चालतं की नाही हे पाहायला वाकावं लागे. मी विचारलं, शालिग्राम, तुझ्या पुस्तकात हे असतं का? तो म्हणाला, नाही मास्तर, हे हातात असतं.

आणि आता पुढचं ऐका. त्याच्या दिवशी दुकान भरलेलं असे. जो ओटा पूर्वी दिवेलागणीला भरे तो आता दिवसाच माझ्या दुकानात आला होता. बाया चोळ्या घेऊन येत आणि विचारत, आज मास्तर आहेत की शालिग्रामभाऊ? मी आहे म्हटलं की, बरं, उद्या येतो. पुष्पाबाई त्याच्या दिवशी दुपारी चहा पाठवी. एकदा चव पाहिली मी त्याची. गूळ जास्त होता.

पुढच्या साली पाऊस बरा झाला, अठरा रेचे चालले. शालिग्रामला मात्र दिवाणजींनी परत बोलावलं नाही आणि तोही गेला नाही. खंडेनवमीच्या सकाळी मी मशीनला हार घालायला दुकान उघडलं. आदल्या दिवशी त्याची पाळी होती, म्हणून मशीन पुसलेलं आणि झाकलेलं होतं. झाकण काढलं. काळ्या लोखंडावर, सुईच्या वर, कुंकवाची दोन बोटं होती. एक मोठं, एक लहान. मोठं माझ्या बायकोचं, ते मी कुठेही ओळखीन. लहान कोणाचं ते ओळखायला मला शेजारी जावं लागलं नाही.

मी खिशातून रुमाल काढला होता. मग त्यानं माझंच कपाळ पुसलं, घरून नारळ आणला आणि फोडला.